घरचा फोटो

त्या देशाचं नाव मी इथे लिहिणार नाही. आमच्या पाहुण्याचं नाव, तो कसा दिसायचा, मुंबईत येऊन काय शिकत होता, यातलंही काही लिहिणार नाही. इतकी वर्षं आंतरराष्ट्रीय घडामोडींवर जाहीर चर्चा करणाऱ्या मंडळाची कार्यवाह म्हणून काढली, आणि त्यातली एकच गोष्ट लिहायला बसले तर नेमका देशच झाकून ठेवावा लागतोय. हसू येतं आणि रागही येतो. सर होते तोवर एवढंही लिहिणं शक्य नव्हतं. सर गेल्या वर्षी गेले.

आमचं मंडळ ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या तिन्ही गावांचं मिळून एक. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी बैठक, गावं आळीपाळीने. ठाण्याची मंडळी उशिरा येतात आणि लवकर निघतात, कल्याणची वेळेवर येऊन भांडतात आणि डोंबिवलीची आधी येऊन खुर्च्या पुसतात. मी डोंबिवलीची आहे म्हणून असं म्हणते असं कुणी म्हणालं तर म्हणो. सभासद बहुतेक निवृत्त. बँकवाले, शिक्षिका, मानपाड्याकडच्या केमिकल कारखान्यांत हाडं झिजवलेले इंजिनियर. तेलाच्या राजकारणावर विषय असला की हे इंजिनियर वक्त्याला धड बसू देत नाहीत. म्हणून आमच्याकडे प्रश्न चिठ्ठीवर लिहूनच द्यायचा, तोंडी नाही, असा कडक नियम आहे. तो मीच करायला लावला, कारण प्रश्न विचारतो म्हणून उभा राहिलेला माणूस वक्त्यापेक्षा जास्त वेळ बोलायचा आणि शेवटी प्रश्न नसायचाच.

माझा नवरा म्हणतो, तुम्ही उंटावरून शेळ्या हाकता. डोंबिवलीत बसून कुठल्या सामुद्रधुनीत कुणाचं जहाज अडलंय त्याची काळजी करता. मी त्याला म्हणते, आपल्या बिल्डिंगमधल्या प्रत्येक मजल्यावरचं एक तरी पोर परदेशात आहे, मग काळजी कुणी करायची? लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौसच आम्हाला, दुसरं काय.

सर या मंडळाचे संस्थापक आणि अध्यक्ष. माझ्या शाळेचे मुख्याध्यापक होते. पन्नाशी ओलांडली, कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून स्वतःचे केस पांढरे झाले, तरी त्यांच्यासमोर मी खुर्चीत टेकून बसले नाही कधी. इतर कुणालाही मी फाडकन बोलते. माझ्या नाकावर राग आहे हे तिन्ही गावांत माहीत आहे. सरांपुढे मात्र माझी वाचा बसायची.

सरांची एक गोष्ट सगळ्यांना पाठ होती. कार्यक्रम झाला की ते त्याचं वृत्त लिहायचे. 'मंडळाच्या वतीने आयोजित करण्यात आलेल्या' पासून 'बहुसंख्य नागरिक उपस्थित होते' पर्यंत. मग फोटो जोडायचा, शाल-नारळ देतानाचा, आणि गावातल्या सगळ्या छोट्या-मोठ्या वर्तमानपत्रांना पाठवायचा. पुढे मोबाईल आला तसे माजी विद्यार्थ्यांचे ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, सकाळी बागेत चालणाऱ्यांचा ग्रुप असं सगळीकडे जायला लागलं. ते म्हणायचे, "बातमी आली नाही तर कार्यक्रम झाला हे सांगणार कोण?" हजेरी वीस माणसांची असली तरी नागरिक बहुसंख्यच असायचे.

पाहुणा मला एका परिसंवादात भेटला. चहाच्या रांगेत त्याने त्याच्या देशाबद्दल दोन वाक्यं सांगितली, आणि मी वर्षानुवर्षं वर्गात जे पुस्तकातून शिकवत होते ते किती गुळगुळीत आहे हे मला कळलं. मी त्याला मंडळात बोलवलं. तो आधी नाही म्हणाला. मग म्हणाला, येईन, पण माझं नाव कुठे येता कामा नये, रेकॉर्डिंग नको, फोटो नको. त्याच्या देशातले लोक परदेशात शिकणाऱ्या मुलांवर लक्ष ठेवून असतात. पोरगं बाहेर जाऊन बोललं की तिथे आईबापांचं दार वाजतं. घरी त्याची आई एकटी होती. शिवाय पासपोर्टची मुदत संपत आली होती, तो नवा करायला त्यांच्याच मुंबईतल्या वकिलातीत जावं लागणार होतं. तिथे कुणाच्या नजरेत आला असता तर ना इथे राहता आलं असतं, ना कुठे जाता.

मी हे सगळं सरांना समजावून सांगितलं. सर लगेच हो म्हणाले. पण मी बघत होते, त्यांचा चेहरा उतरला. मंडळाच्या इतक्या वर्षांत परदेशातून आलेला खराखुरा माणूस आमच्या व्यासपीठावर पहिल्यांदाच बसणार, आणि त्याची बातमी नाही. लग्नात वाजंत्रीच नको म्हटल्यासारखं झालं त्यांना. तरी शब्द दिला म्हणजे दिला. बैठक डोंबिवलीत होती. दाराशी काकूंची, म्हणजे सरांच्या पत्नीची, भाजीची दुरडी ठेवली आणि प्रत्येकाचा मोबाईल तीत जमा केला. व्याख्यानभर दुरडीत कुणाचा ना कुणाचा फोन गुरगुरत होता. मी सारखी दाराकडे बघत होते, कुणी दुसरा फोन खिशात ठेवला नाही ना, म्हणून. त्या मुलाच्या बोलण्यातलं अर्धं मला ऐकूच आलं नाही.

तो चांगलं बोलला असणार. कारण चिठ्ठ्या आल्याच नाहीत. कल्याणचे लोकसुद्धा गप्प बसले होते. सरांनी त्याला शाल घातली आणि फोटोग्राफरच्या जागेकडे बघून सवयीने हसले, तिथे कुणी नव्हतं.

व्याख्यानानंतर सरांकडे जेवण होतं. हॉलची किल्ली परत करायची, खुर्च्यांचा हिशेब द्यायचा म्हणून मी मागे राहिले. मी पोचले तेव्हा पानं मांडलेली होती आणि पाहुण्याच्या कपाळावर कुंकवाचा टिळा आणि अक्षता होत्या, डोक्यावर सरांची काळी टोपी. काकूंनी त्याला पानं मांडताना मराठीतूनच विचारलं होतं, तुझं वय काय, वाढदिवस कधी. तो हिंदीतून म्हणाला, आजच आहे. काकू म्हणाल्या, "आज? आणि तसाच जाणार होतास?" मग निरांजन आलं, सुपारी आणि बोटातली अंगठी काढून तबकात ठेवली, पाटावर बसवून औक्षण झालं. तो मला हसत म्हणाला, माझ्या देशात असं करत नाहीत, पण मला आवडलं. त्याने टोपी काढली नाही. बासुंदी दोन वाट्या घेतली. मी पहिल्यांदाच त्या दिवशी नीट श्वास घेतला.

शेजारच्या मुलीने औक्षण करतानाचा फोटो काढला होता हे मला कुणी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं त्या घरात कुणाला वाटलंच नव्हतं.

संध्याकाळी कॉलेजातल्या एका बाईंनी मला एक फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, हे तुमचंच मंडळ ना? काकू, तबक, निरांजनाच्या उजेडात पाहुण्याचा चेहरा, अगदी समोरून. आणि सरांच्या भाषेत मजकूर: आज आमच्या घरी परदेशी पाहुण्याचा वाढदिवस साजरा झाला, आपल्या देशातील राजवटीविषयी ते आज निर्भीडपणे बोलले, अतिथी देवो भव. देशाचं नाव होतं. त्याचं नाव नव्हतं. अक्षरशः शब्द पाळला होता सरांनी.

चप्पल घातली आणि सरांचं घर गाठलं. आधी फोन करायचंही सुचलं नाही, धावत सुटले. सर गॅलरीत चहा घेत होते.

"सर, तो फोटो काढून टाका. आत्ता."

"कुठला?"

"औक्षणाचा. तुम्ही सगळीकडे पाठवलाय तो."

"अगं, तो घरचा फोटो आहे. कार्यक्रमाचा एकही काढलेला नाही. तूच दाराशी बसली होतीस ना?"

"सर, घरचा काय आणि बाहेरचा काय."

"असं कसं? मंडळाचा नियम मंडळाला. घरी आलेल्या मुलाचा वाढदिवस केला, त्याची कुठे बातमी होते का?"

दोनच महिन्यांपूर्वी सरांनी स्वतः सरकारं नागरिकांवर पाळत कशी ठेवतात यावर अध्यक्षीय समारोप केला होता. उत्तम केला होता. पण ती पाळत जगावर होती. आपल्या देवघरासमोरचा पाट तिच्या कक्षेत येतो हे त्यांच्या मनाला शिवलं नव्हतं. मला ओरडायचं होतं. मी फक्त म्हटलं, "सर, त्याची आई." तेव्हा त्यांनी कप खाली ठेवला आणि मोबाईल हातात घेतला. स्क्रीनवर दोन पर्याय आले, आणि मी पुढे होऊन बघेपर्यंत त्यांनी एकामागून एक सगळ्या ग्रुपांत त्यातला एकच दाबत नेला.

"बघ. गेला."

त्यांच्या मोबाईलमधून गेला होता. फक्त त्यांच्या. सगळ्यांसाठी काढायचा तो पर्याय दुसरा होता, आणि आता तो परत येत नव्हता. मी प्रत्येक ग्रुप उघडून बघितला. सरांना तिथे रिकामी जागा दिसत होती आणि बाकी साऱ्या जगाला फोटो. मी सरांना हे समजावून सांगितलं. काकू आतून म्हणाल्या, "अगं, पण वाईट काय झालंय त्यात? किती गोड दिसतोय तो."

दुसऱ्या दिवशी गाडी काढली. सरांच्या एका माजी विद्यार्थ्याचं टेंभी नाक्याला छोटं ऑफिस आहे, तो ठाण्याच्या बातम्यांचं एक पान मोबाईलवर चालवतो. त्याने तो फोटो उचलला होता. शिळफाट्याला ट्रकच्या मागे अडकले तेव्हा स्टिअरिंगवर माझी बोटं नुसती वाजत होती. ठाण्याला जाताना वाटेत कळवा लागतं. पाहुणा तिथेच खाडीजवळच्या एका चाळवजा इमारतीत दोघांबरोबर राहायचा. त्याच्या गल्लीवरून मी सरळ पुढे गेले. आधी काहीतरी पुसून टाकू आणि मग त्याच्यासमोर उभं राहू, एवढंच डोक्यात होतं.

टेंभी नाक्यावरच्या त्या मुलाने माझ्यासाठी खुर्ची पुसली, चहा सांगितला. त्याने फोटोवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: हुकूमशाहीला डोंबिवलीतून आव्हान.

"मॅडम, सरांनी टाकलेलं ना, मग मी कशाला विचारू? मला वाटलं सरांना बरं वाटेल. मी तर खास मोठा केलेला फोटो."

"काढ तो."

"काढतो ना, लगेच काढतो." त्याने माझ्यासमोर काढला. मग मान खाजवत म्हणाला, "पण कालपासून फिरतोय तो, मॅडम. कोणी कोणी घेतला काय माहीत. त्यांच्या देशातल्या कोणीतरी खाली कमेंटपण केलेली."

"काय लिहिलं होतं?"

"भाषा समजली नाही ना आपल्याला. मी हार्ट दिलं."

त्या मुलाला एक ठेवून द्यावीशी वाटली. चहा तसाच टाकून उठले.

पूल ओलांडून कळव्यात परत आले. पाहुण्याने दार उघडलं तेव्हा त्याच्या हातात डाव होता, तो डाळ करत होता. माझ्याकडे बघून त्याने गॅस बंद केला. त्याला आधीच कळलं होतं. त्याच्याच देशाच्या एका मुलाने सकाळी त्याला फोटो पाठवला होता आणि मग लगेच आपला नंबर बंद केला होता.

"नाव नाही ना कुठे?" एवढंच विचारलं त्याने. आम्ही इंग्रजीत बोलायचो, मध्ये मध्ये हिंदी.

"नाही. फक्त देश. आणि चेहरा."

"मग अजून थोडी जागा आहे." तो मोजूनमापून बोलत होता. "ते लोक आता शोधतील हा कोण. भारतात शिकायला गेलेल्या मुलांच्या घरी जातील, फोटो दाखवतील. आमच्या शहरातून आलेले फार नाहीत."

मी माफी मागायला सुरुवात केली. त्याने थांबवलं. "त्या आजोबांना काही बोलू नका. माझा वाढदिवस कुणीतरी केला, याला किती वर्षं झाली असतील. मला आठवतही नाही."

मला त्याचा राग आला. त्याने चिडायला हवं होतं. दार आपटायला हवं होतं. तो चिडला असता तर माझ्या जिवाची घालमेल तरी थोडी कमी झाली असती. त्याने डाळ पुन्हा गॅसवर ठेवली आणि जेवून जा म्हणाला.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. त्याला मी सारखे फोन करणं बरं नव्हतं, त्याने तसं सांगितलं होतं. मग मी घरात येरझारा घालायचे. दूध उतू जायचं. वर्गात एक मुलगी म्हणाली, मॅडम, तुम्ही हा मुद्दा आत्ताच सांगितला. नवरा म्हणाला, "एका जागी बस जरा. तू चालून काही होणार आहे का?" नव्हतं होणार. पण बसूनही होणार नव्हतं.

सरांचा रोज सकाळी फोन यायचा. नमस्कार-चमत्कार नाही, काही नाही. "पासपोर्टचं काय?" मी म्हणायचे, अजून नाही. "बरं," म्हणून ते ठेवायचे. पुढची बैठक कल्याणला होती. एका देशाने दुसऱ्यावर घातलेल्या निर्बंधांवर हमरीतुमरी चालली होती आणि सर अध्यक्षाच्या खुर्चीत न बसता मागच्या रांगेत, पंख्याखाली, कोपऱ्यात बसले होते. त्या महिन्यात त्यांनी वृत्त लिहिलं नाही. संपल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्या मुलाचं काही बरंवाईट झालं तर हे मंडळ बंद करायचं. मी तसं लिहून ठेवीन. जगाविषयी बोलण्याचा मला अधिकार उरत नाही." काकू म्हणाल्या, ते धड जेवत नाहीत. शर्ट त्यांच्या खांद्यांवरून लोंबायला लागला होता. झाल्या प्रकाराचा मला जो राग होता तो कधी विरघळला आणि त्याच्या जागी सरांची धास्ती कधी बसली, ते मला कळलं नाही.

एके दुपारी मी स्टाफरूममध्ये पेपर तपासत असताना त्याचा फोन आला. वकिलातीच्या बाहेरून बोलत होता, मागे गाड्यांचे हॉर्न. "मिळाला," तो म्हणाला. "नवा पासपोर्ट. काही विचारलं नाही." मी मोठ्याने रडले. शेजारच्या बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली. मी फोन ठेवून सरांना लावणार, तेवढ्यात तो म्हणाला, "मॅडम, आज भेटाल का? आजोबांना सांगायच्या आधी."

ठाण्याला तलावपाळीच्या कट्ट्यावर बसलो. समोर बोटीत पोरं किंचाळत होती. मी त्याच्यासाठी कुल्फी घेतली होती, आनंदाची म्हणून. तो ती हातात धरून बोलायला लागला.

त्याचा एक आतेभाऊ तिसऱ्याच देशात राहतो. त्याच्याकडून निरोप आला होता. दोन माणसं खरंच त्यांच्या शहरात फोटो घेऊन हिंडली. ज्या ज्या घरातला मुलगा भारतात आहे, त्या त्या घरी गेली. त्याच्या आईकडेही आली. तिने चष्मा लावला, फोटो जवळ धरून बराच वेळ बघितला, आणि म्हणाली, हा माझा मुलगा नाही. त्यांनी परत विचारलं, नीट बघा. ती म्हणाली, माझा मुलगा इतका बारीक नाही.

"त्यांना पटलं," तो म्हणाला. "तसं कागदावर घेतलं, तिची सही घेतली. म्हणून पासपोर्ट मिळाला. मी तो नव्हेच ना आता."

मला अजून पूर्ण उमगलं नव्हतं. मी म्हटलं, "म्हणजे सुटलास. म्हणजे ती पण सुटली."

"मी घरी गेलो नाही तर." त्याने माझ्याकडे बघितलं, वर्गातल्या मंद मुलीला समजावतात तसं हळूच सांगितलं. "मी घरी गेलो, तर ते मला बघतील. फोटोशेजारी ठेवून बघतील. मग ती खोटं बोलली हे कळेल. तिने निरोप पाठवलाय, फोन करू नकोस, येऊ नकोस. तिने नंबरपण बदलला."

"किती दिवस?"

"ते लोक तिथे आहेत तोवर."

ते लोक तिथे किती वर्षं आहेत हे मी वर्गात शिकवते. कुल्फी त्याच्या मनगटावरून ओघळत होती. मी रुमाल दिला.

"आजोबांना एवढंच सांगा," तो म्हणाला. "पासपोर्ट मिळाला."

मी तोंडावर सांगणारी बाई. कुणाचं चुकलं तर त्याला कळलंच पाहिजे, असं मानणारी. सरांनीच मला तसं शिकवलं होतं. त्या संध्याकाळी ठाण्याहून डोंबिवलीपर्यंत गाडीत मी सरांशी भांडत आले. सगळं सांगायचं ठरवूनच जिना चढले. सरांनी दार उघडलं, मी म्हटलं, "सर, मिळाला पासपोर्ट." त्यांनी दाराची चौकट धरली. मग तिथेच, उंबऱ्याशी खाली बसले. काकू धावत आल्या. सर हात वर करून म्हणाले, "काही नाही, काही नाही. जेवायला वाढ मला." पुढचं वाक्य माझ्या तोंडातून निघालंच नाही.

महिन्याभरात त्याला एका लांबच्या विद्यापीठात जागा मिळाली. निघायच्या आदल्या दिवशी मी त्याला सरांकडे घेऊन गेले. सर खुशीत होते, कपाट उघडून नकाशा काढला आणि त्याच्या नव्या गावावर बोट ठेवून तिथली थंडी, तिथलं बंदर, तिथला जुना तह, सगळं सांगितलं. तो मन लावून ऐकत होता. काकूंनी बेसनाच्या लाडवांचा डबा आणला आणि वर एक खणाचा कपडा ठेवला. आईला दे म्हणाल्या. त्याने दोन्ही हातांनी डबा घेतला. काकूंनी फार पुढे मला सांगितलं, मला तेव्हाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं गं, त्याने डबा घेताना माझ्याकडे बघितलंच नाही.

निघताना सरांनी त्याचा हात हातात घेतला. "आता पासपोर्ट आहे. आधी आईला भेटून या. मग जगात कुठे जायचं तिथे जा."

"हो, आजोबा. आधी तिच्याकडेच जाईन."

"आणि एक करा. तिथे पोचलात की आईबरोबर एक फोटो काढून पाठवा. मी कुणाला दाखवणार नाही. शब्द देतो. एकदा बघेन फक्त."

"पाठवतो," तो म्हणाला.

मी नकाशाची घडी घालत होते. ती नीट बसेना, म्हणून पुन्हा उघडली.

मंडळ चालू राहिलं. सर अध्यक्षाच्या खुर्चीत परत आले, वृत्तही लिहायला लागले, फक्त फोटो जोडायच्या आधी मला विचारायचे. आणि बैठक संपली की दर वेळी, सगळे गेले की, हळूच, "फोटो आला का गं त्याचा?"

"नाही आला अजून, सर."

शेवटी हॉस्पिटलात होते तेव्हाही त्यांनी विचारलं. मी तेच म्हटलं. ते जरा हसले आणि मलाच समजावायला लागले. "मुलं घरी गेली की विसरतात. जाऊ दे. आईजवळ आहे ना, तेवढं पुरे."